धीर येतो कुठून?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी, घर म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि मुलीला ९४ टक्के. फोटोत आई मुलीला पेढा भरवत असते. मथळा वर्षानुवर्षं तोच: ‘परिस्थितीवर मात’. मी या बातम्या आवडीने आणि शेवटपर्यंत वाचतो. वाचताना मुलीखेरीज आणखी कुणी त्यात येतं का, ते बघतो. कधीतरी एखाद्या ओळीत सापडतं: संध्याकाळी वर्गाची खोली उघडी ठेवणारा शिपाई, फी भरायला मुदत देणाऱ्या बाई, धाकट्या भावाला दिवसभर सांभाळणारी शेजारची आजी. बहुतेकदा नसतंच कुणी. मात एकटीने केली, असं समजायचं. आणि त्याच वर्गातल्या ज्या मुली आठवीत शाळा सोडून गेल्या, त्यांची तर बातमीच होत नाही.

एकाच संकटातून काही माणसं सावरतात आणि काही मोडून पडतात, असं का, हा प्रश्न माणसाइतकाच जुना असला तरी त्याचा शास्त्रीय पाठपुरावा गेल्या साठ-सत्तर वर्षांतला आहे. इंग्रजीत या विषयाला ‘रेझिलियन्स’ म्हणतात. दाबलेली वस्तू दाब काढल्यावर पुन्हा पहिल्यासारखी होते, तो हा गुण. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याचं ‘लवचीकता’ केलं. मला तो शब्द कधी रुचला नाही. लवचीक असतं रबर, किंवा निवडणुकीआधीचं पक्षाचं धोरण. बोलताना आपण तग धरणं म्हणतो, सावरणं म्हणतो, निभावून नेणं म्हणतो, उभारी धरणं म्हणतो. आणि सगळ्यात जास्त म्हणतो तो ‘धीर’. या शब्दाचं व्याकरण बघण्यासारखं आहे. धीर धरावा लागतो, सुटतो, खचतो. पण जिथे दुःख घडलंय तिथे आपण धीर देतो, आणि ते माणूस नंतर सांगतं, ‘तुम्ही आलात, धीर आला.’ म्हणजे ही वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सत्तर वर्षांचं संशोधन फिरून फिरून या व्याकरणापाशी आलं आहे, असं माझं मत झालंय. त्याचाच हा आढावा.

सुरुवात पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरून करावी लागते. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी मुलं चाळिशीला पोचेपर्यंत मागोवा घेतला. बेटावर उसाचे मळे होते आणि यातल्या अनेक मुलांचे आईबाप त्या मळ्यांत राबत. सुमारे एकतृतीयांश मुलांच्या वाट्याला जन्मापासून एकापेक्षा जास्त अडचणी आल्या होत्या: गरिबी, अवघड बाळंतपण, बापाची दारू, आईचं मानसिक दुखणं, घरातली भांडणं. अशी मुलं वाया जाणार, हाच तेव्हाचा समज. त्यातली दोनतृतीयांश मुलं खरोखरच अडचणीत आली. कुणी शाळेत मागे पडलं, कुणाचं नाव पोलिसांत गेलं, काही मुली कोवळ्या वयात आया झाल्या. उरलेली एकतृतीयांश मात्र कामाला चोख, माणसांत मिसळणारी, भरवशाची माणसं झाली. अभ्यास गाजला तो या एकतृतीयांशामुळे. त्यांच्यापाशी काय होतं? काहींचा स्वभाव जात्याच हसरा, मोठ्यांना जवळ ओढून घेणारा. पण जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात एक तरी मोठं माणूस असं होतं जे टिकून राहिलं. आजी, मावशी, शेजारीण, शाळेतले एखादे मास्तर. आणखी एक बारीकशी गोष्ट: घरात या मुलांवर काहीतरी काम सोपवलेलं असे, धाकट्यांना बघणं, स्वयंपाकाला हात लावणं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे त्यांना लहानपणीच कळलं होतं.

या अभ्यासाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. अठराव्या वर्षी ज्यांना ‘गेली कामातून’ म्हटलं असतं, त्यांतली बरीच मुलं तिशी ओलांडेपर्यंत रुळावर आली होती. कुणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कुणी सैन्यात भरती झालं, कुणी मोठेपणी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, कुणी चर्चच्या मंडळींत रमलं. म्हणजे दार दुसऱ्यांदाही उघडतं, फक्त ते कुणीतरी ठेवलेलं असावं लागतं.

सुरुवातीच्या काळात अशा मुलांना अभ्यासकांनी ‘अभेद्य’ म्हटलं होतं. जणू कवचकुंडलं घेऊनच आलेली. हळूहळू तो शब्द त्यांनीच सोडून दिला. अमेरिकेतल्या मिनेसोटात नॉर्मन गार्मेझी यांनी मनोरुग्ण आयांच्या मुलांपासून काम सुरू केलं, आणि त्यांच्या परंपरेतल्या अ‍ॅन मास्टेन यांनी २००१ साली एक लेख लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ ‘साधीसुधी जादू’ असा होतो. म्हणणं एवढंच की सावरण्यामागे काही असामान्य रसायन नसतं. धड आईबाप किंवा त्यांच्या जागी कुणीतरी, बरी शाळा, पोटभर अन्न, थोडं यश, एवढ्या नेहमीच्या गोष्टी जागेवर असल्या की मुलं सावरतात. त्या काढून घेतल्या की काय होतं, हे रुमानियातल्या अनाथालयांनी दाखवलं. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात १३६ बाळं निवडून त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुटुंबांमध्ये वाढवायला दिली गेली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं त्यांची बुद्धी आणि माया लावण्याची ताकद बरीच भरून आली, उशिरा घर मिळालेल्यांची कमी. जिद्द वगैरे शब्द दीड वर्षाच्या बाळाला लावता येत नाहीत, म्हणून हा अभ्यास माझ्या मते या विषयातला सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे.

मोठ्या माणसांकडे वळलं की चित्र थोडं बदलतं. जवळचं माणूस गेल्यावर किंवा मोठ्या अपघातानंतर बहुतेक लोक काही काळ हलतात, पण कामधाम, खाणंपिणं सांभाळून राहतात, असं जॉर्ज बोनानो यांनी २००४च्या सुमारास ठामपणे मांडलं. त्याआधी अशा माणसाने दुःख ‘दाबून’ ठेवलंय, ते पुढे कधीतरी फुटेल, असा सिद्धान्त चालायचा. आपल्याकडेही तो आहेच. बाई रडत नसेल तर चार जणी मिळून तिला रडवायचा प्रयत्न करतात, ‘मोकळी होऊ दे’ म्हणतात. दुर्घटनेनंतर लगेच लोकांना एकदा बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांतही रूढ होती. तपासणी झाल्यावर तिचा उपयोग दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाला. संकटाने माणूस मोठा होतो, असंही एक आवडतं मत आहे आणि त्याच्या प्रश्नावल्याही तयार झाल्यात. संकटातून गेलेले बरेच जण स्वतःबद्दल तसं सांगतात. प्रत्यक्षात आधी आणि नंतर मोजून पाहिलं, तेव्हा सांगणं आणि बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. संकटाने माणूस मोठा होतो, हे बहुधा संकट संपलेली माणसंच म्हणतात.

या सगळ्या शास्त्रात मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट एका चुकीच्या कबुलीची आहे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. सुटका नाही अशा जागी वारंवार विजेचे झटके बसलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही नुसते पडून राहिले. असहायता शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर पोचला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे लिहिलं की आपण ते उलटं वाचलं होतं. लांबलेल्या त्रासासमोर पडून राहणं हा प्राण्याचा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच: आपण काही केलं तर काही बदलतं, हे. ते एकदा अनुभवाने कळलं की पुढच्या त्रासात ते कामी येतं.

हे वाचताना मला किल्लारी आठवली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं उशिरा झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना धरणी हलली. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. तेवढ्याने इतकी माणसं जायला नको होती. मारलं ते घरांनी. या भागात मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती आणि वर माळवद. माळवदावर दर काही वर्षांनी मातीचा नवा थर टाकायचा, की छत गळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या थर साचून छताचं ओझं झालेलं. ज्यांची कुडाची झोपडी होती ते बहुतेक वाचले, ज्यांचे वाडे होते ते गाडले गेले. वर्षभर आधीपासून तिथे लहानसहान धक्के जाणवत होते आणि लोक घाबरून बाहेर झोपतही होते. मग सवय झाली. धोक्याची सवय होणं यालाही आपण चिवटपणाच म्हणतो.

पुढच्या दिवसांत महाराष्ट्रभरातून भाकऱ्या, चादरी, पत्रे, पैसे आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात शिकायला आणलं. मुलं गमावलेल्या अनेक आयांनी नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया मागून घेतली. या मागणीत किती धीर आहे, हे कुठल्या प्रश्नावलीत मोजता यायचं नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. आणि इथूनच दोन वेगवेगळ्या गोष्टी सुरू होतात, ज्या शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट नव्या गावांची. जमीनधारणेनुसार अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरं, सरळ आखलेले रुंद रस्ते, घराघरांत अंतर. भूकंपाला घरं भक्कम होती. पण जुन्या गावातली गल्ली गेली, ओसरी गेली, दारात बसून निवडता-टिपता चालणारं बोलणं गेलं. शेत लांब पडलं. आराखडे शहरी डोक्यांतून आले होते आणि घाईत होते. घर मिळालं त्याला धीर मिळाला नाही असं मी म्हणणार नाही. डोक्यावर पडणार नाही असं छत हा मोठाच धीर. पण ज्यांची घरं त्यांना विचारणं राहून गेलं, आणि बऱ्याच ठिकाणी लोकांनी पुढे त्या घरांना जुन्या सवयींप्रमाणे पडव्या जोडल्या, आडोसे केले, अंगणं सारवली.

दुसरी गोष्ट कमी पडझड झालेल्या गावांची. तिथे घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती आणि कामं मालकांनीच करायची होती. हजाराहून अधिक गावांत हे लोकांना कोण समजावणार? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंतीत आडवा दगड कुठे घालायचा, सिमेंट किती, गवंडी फसवतोय का, हे या बायका शिकल्या आणि दारोदार सांगू लागल्या. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं त्या तालुक्याला जाऊन इंजिनिअरशी हुज्जत घालायला लागल्या. मायर-सेलिगमनच्या २०१६च्या लेखातलं वाक्य या बायकांनी वीस वर्षं आधी सिद्ध केलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. २६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, माती वेगळी, पण पडलेलं घर कसं उभं करायचं आणि सरकारकडून हप्ता कसा काढायचा, हे त्या कच्छी बायकांना सांगत होत्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांना धीर द्यायला लोक आले होते, त्याच आता धीर द्यायला निघाल्या होत्या.

या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत पैशाबद्दल फार कमी असतं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ही उणीव भरून काढतो. एकाच शेतकऱ्याची बुद्धीची साधी चाचणी ऊस जाण्याआधी, हात रिकामा असताना, आणि बिल हाती आल्यावर घेतली. तोच माणूस, आधीच्या चाचणीत मागे, नंतरच्या चाचणीत पुढे. पैशाची ओढाताण डोक्यात इतकी जागा खाते की बाकी विचाराला जागा उरत नाही. आपल्याकडे ‘डोकं चालेना’ म्हणतात ते शब्दशः खरं निघालं. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणून सांगणाऱ्याला मी तरी आधी त्याचं देणं किती आहे ते विचारायला सांगेन.

म्हणूनच १९७२च्या दुष्काळाला या आढाव्यात जागा हवी, जरी मानसशास्त्राची पुस्तकं त्याचं नाव घेत नसली. सत्तरीतल्या कुठल्याही मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला विचारा: लाल मिलो, सुकडी आणि खडी. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि दुष्काळी कामावर फोडलेली खडी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं या कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. उन्हात दगड फोडणं हे काही सुख नव्हतं, आणि मजुरीही बेताची. पण इतकी पिकं जाऊनही मोठा भूकबळीचा दुष्काळ झाला नाही, आणि ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे त्याची दखल घेतली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला, १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. पुढे तीस वर्षांनी देशाने ते उचललं. त्या पिढीच्या चिवटपणाच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो आणि सांगाव्यातच. फक्त त्या चिवटपणाला आठवड्याचा पगार होता, हेही सांगावं.

इथवर चांगली बाजू झाली. दुसरी बाजू अशी की धीराचं कौतुक करणं हे फार सोयीचं असतं, विशेषतः ज्याने मदत करायची त्याला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्या वर्षी ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दोन्ही वेळा मुंबईकरांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली, जखमींना चादरींतून उचलून नेलं. हे खरं आणि मोठं होतं. पण दुसऱ्या दिवशी लोकल भरून धावल्या याचं ‘मुंबईचं स्पिरिट’ झालं, तेव्हा अनेक मुंबईकर वैतागले. कामावर गेलो नाही तर पगार कापला जातो, हे त्या स्पिरिटमागचं कारण त्यांना माहीत होतं. नाल्यांचं काय झालं, हा प्रश्न स्पिरिटच्या गजरात मागे पडतो.

याहून जड उदाहरण बीडचं आहे. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फेडेपर्यंत तोडायचं. एक दिवस पडलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे तीनला उठून बाई भाकरी थापते, फडात जाते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. उघड्यावर कोप्या, पाणी लांब, संडास नाही. पाळीचे दिवस, पोटात दुखणं, पांढरं जाणं, या सगळ्यावर एकच उपाय सांगितला गेला: पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये बातम्या आल्यावर राज्य सरकारने समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. अनेकींचं वय चाळिशीच्या आतलं. या बायकांनी काय कमी निभावून नेलं? बाहेरून बघणाऱ्याला यात सोशिकपणाचा कळस दिसेल. कवाईचे ऊसमळे आणि बीडचे फड यांत फरक आहे तो एवढाच, की बीडच्या मुलांच्या मागे कुणी चाळीस वर्षं वही घेऊन फिरलं नाही. आईबापांबरोबर कोपीवर जाणारी मुलं सहा महिने शाळेबाहेर असतात. गावात आजीपाशी राहिलेली, किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली, शाळेत टिकण्याची शक्यता जास्त. पुन्हा तीच आजी.

समाजाबद्दलही जरा खरं बोललं पाहिजे, कारण धीर देणारे शेजारी हे चित्र वाजवीपेक्षा गोड होऊ शकतं. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, कडू घास भरवला जातो, दहा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. जगातल्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था. पण त्याच घरात, त्याच दिवशी, तेच शेजारी नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडत आणि कुंकू पुसत आले. तिच्या धीराची मुळंच आधी उपटायची आणि मग ‘धीर धर’ म्हणायचं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. परिपत्रकाने प्रथा जात नाहीत, पण गावाने आपल्या सहीने ठरवलं, याला किंमत आहे.

शेतकरी आत्महत्यांवर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात शेतीशी संबंधित ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या, त्यांतले ४,२४८ महाराष्ट्रातले. मागे राहिलेल्या घराला एक लाखाची मदत. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, ही रक्कम २००६ पासूनची. त्यासाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, थकलेलं होतं का. बायकोच्या नावावर जमीन नसते, सासरा जिवंत असेल तर नवऱ्याच्याही नसते. या बाईला पुढे सावकार, सोसायटी, तलाठी, दीर आणि दोन मुलं अशा पाच आघाड्या एकदम सांभाळायच्या असतात. तिची चिकाटी कमी पडली तर दोष कुणाचा?

उपाय अगदीच माहीत नाहीत असं नाही, आणि त्यांतले सगळ्यात चांगले गोव्यात आणि विदर्भात तपासले गेलेत, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत जितकी पोचायला हवी होती तितकी पोचलेली नाही. गोव्यात १९९६ मध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘संगत’ ही संस्था सुरू केली. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. मग वाट बघत बसण्यापेक्षा गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं तर? सरकारी आरोग्य केंद्रात येणारा माणूस ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाही. तो म्हणतो झोप नाही, अंग दुखतं, डोक्याला टेन्शन आहे. तिथेच त्याला गाठायचं. सहा ते आठ भेटी. त्यांत बालपण उकरायचं नाही. दिवसभरात काय करता, काय करायचं सोडून दिलंत, त्यातलं एक छोटंसं उद्यापासून पुन्हा सुरू करता येईल का, एवढंच. म्हणजे परत तेच: केल्याने काहीतरी बदलतं, हा अनुभव. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उपयोग होतो, आणि खर्च बेताचा.

हाच धागा अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमाने नेला. गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, बैठका घेऊन, शेती आणि घरच्या अडचणींबरोबरच मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले चार-साडेचार जणच कुणाची तरी मदत घेत होते. दीड-दोन वर्षांनी हा आकडा सत्तावीसवर गेला. नैराश्याचं प्रमाणही साडेचौदा टक्क्यांवरून साडेअकराच्या खाली आलं. तीस गावं म्हणजे समुद्रातला थेंब, हे मान्य. राज्य सरकारनेही विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आखला, त्यात आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात. पण आशाताईच्या यादीत लसीकरण, गरोदर बाया, क्षय, डेंग्यू असं बरंच काही आधीच आहे, आणि तिला धीर कोण देतं हा प्रश्न कुणी तिला विचारल्याचं ऐकिवात नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार मानण्याऐवजी तीव्र ताणाखालचा माणूस मानायला सुरुवात केली. हा बदल कागदावरचा असला तरी लहान नाही.

आता कामाच्या दोन गोष्टी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही करता येतो आणि मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी असं काही घडलं असेल, तर दहाव्याला गेलात तरी हरकत नाही, पण महिन्या-दीड महिन्याने पुन्हा एकदा जा. तोवर बाकीचं येणंजाणं थांबलेलं असतं. जाताना भाकरी न्या, आणि तालुक्याच्या कचेरीत एखादा अर्ज अडकला असेल तर तो विचारून घ्या.